रेझर ओला होता

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

फोनवर हे बोलता आलं नसतं. तू "हो बाबा, हो" म्हणून विषय बदलला असतास आणि खरं सांगू, मलाही ते बरंच वाटलं असतं.

दिवाळी संपवून तू पुण्याला गेलीस त्या सकाळी माझा रेझर ओला होता. माझी दाढी व्हायची होती. आदल्या दिवशी तुझ्या हनुवटीखाली कापल्याचं दिसलं, तेव्हा तू पिंपल फुटलं म्हणालीस. रागावलो नाही गं. पण पातं ज्याचं त्याचं असावं, म्हणून पार्सलमध्ये नवा रेझर ठेवलाय. वस्तरा फिरवला की केस राठ होतात, हे आत्याचं मनावर घेऊ नकोस. तसं असतं तर तीस वर्षं दाढी करून माझ्या गालावर एव्हाना ऊस उगवला असता. पातं केस वरून कापतं, मुळाला हात लावत नाही. कापलेलं टोक बोथट राहतं म्हणून खरखरतं, एवढंच. चिमट्याने मात्र उपटत बसू नकोस. केस आतल्या आत वळतात आणि काळे डाग राहतात.

दुकानात मुली येतात. बाकीची गिऱ्हाइकं हटेपर्यंत खोकल्याच्या गोळ्या बघत उभ्या राहतात, मग हळूच ट्यूबचं नाव सांगतात. मी वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. केस काढायच्या क्रीमचं ठीक आहे, फक्त हातापायाचं तोंडाला लावू नये. भीती वाटते ती गोरं करणाऱ्या ट्यूबची. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. महिनाभर चेहरा तुकतुकीत दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, पुरळ येतं आणि वर केसही वाढतात. 2018 पासून अशा मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी लागते. त्याआधी मी ती बिनदिक्कत विकली. एक मुलगी दोन वर्षं न्यायची. पुढे पुढे तोंडाला ओढणी बांधून यायला लागली. मला वाटलं, धुळीमुळे बांधत असेल.

तुझ्याकडे तसली ट्यूब असेल तर एकदम बंद करू नकोस, त्याने चेहरा आणखी भडकतो. येताना घेऊन ये.

आई म्हणाली, पाळी दोन-दोन महिने येत नाही. हनुवटीवर दाट केस आणि पाळी अशी मागे-पुढे, हे दोन्ही असलं की पार्लर पुरत नाही. पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी जोडलेला हार्मोनचा बिघाड, असू शकतो. त्यात बऱ्याच जणींच्या शरीरात इन्सुलिन वाढतं आणि त्याच्या जोरावर अंडाशय पुरुषी हार्मोन जास्त बनवतं. तू काही चुकीचं खाल्लंस म्हणून झालेलं नाही. रक्ताच्या तपासण्या होतील, थायरॉइडचीही. गोळ्या दिल्या तर केसांत फरक पडायला सहा महिने तरी धर. केसांचं चक्रच संथ असतं.

लेझरची जाहिरात तू आईला पाठवली होतीस. तो उजेड केसातला काळा रंग धरून मुळापर्यंत जातो. आपल्या सावळ्या कातडीतही तोच रंग असतो, त्यामुळे मशीन चुकलं तर चेहरा भाजतो. गव्हाळ-सावळ्या रंगाला 1064 नॅनोमीटर लहरीचा उजेड टाकणारं मशीन त्यातल्या त्यात सुरक्षित. महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने सहा-आठ वेळा जावं लागतं. आतून हार्मोनचं बिघडलेलं असेल तर केस परत येतात, म्हणून आधी तपासणी. सवलतीचं पॅकेज बघून पैसे भरू नकोस.

आणि काढलेच पाहिजेत असंही नाही. 2024 ला उत्तर प्रदेश बोर्डात दहावीला पहिली आलेली मुलगी आठवते? 600 पैकी 591. लोकांना दिसली ती तिच्या ओठांवरची लव. आपल्या दुकानासमोरच्या पारावरही हसले होते.

शनिवारी सांगलीच्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावलाय, साडेअकराचा. शेवटच्या तीन पाळ्यांच्या तारखा लिहून आण. मी बाहेर बाकावर बसेन. आत आईला न्यायचं की एकटीने जायचं, ते तू ठरव.

तुझे,
बाबा