निघोजचे गोटे निघोजलाच राहू द्या

महोदय,

पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवर, टाकळी हाजी आणि निघोजच्या मधोमध, कुकडी नदीने काळ्या कातळात कोरलेले रांजणखळगे पाहायला सुट्टीच्या दिवशी मोठी गर्दी होते. येणाऱ्यांच्या कानावर बहुतेक वेळा ‘आशियातले सर्वांत मोठे’ एवढेच पडते. त्यावर फोटो निघतात, जपणूक होत नाही. खळगा घडतो कसा हे कळले, तर काय करू नये हे वेगळे सांगावे लागत नाही.

लाव्हा थंड होताना राहिलेली वायूची पोकळी किंवा कातळातली भेग, ही सुरुवात. पुराचा भोवरा तिथे पडतो, चार गोटे त्यात अडकतात आणि गरगर फिरत तळ व कडा घासत राहतात. नुसत्या पाण्याने हे काम होत नाही, खरे हत्यार गोटाच. त्यातही गारगोटी या काळ्या कातळापेक्षा, म्हणजे बेसाल्टपेक्षा, कठीण. एक गोटा झिजला की पुढच्या पुरात दुसरा येतो. शेजारचे दोन खळगे वाढत एकमेकांना भिडतात, मधली भिंत फुटते आणि नदीची घळ अशीच खोल होत जाते. म्हणून तळातला गुळगुळीत गोटा ‘आठवण’ म्हणून पिशवीत टाकणे म्हणजे सुताराची पटाशी पळवणे आहे.

यातच जिवाचा धोकाही आहे. रांजणासारखे तोंड अरुंद, पोट रुंद आणि भिंती घोटून गुळगुळीत झालेल्या, त्यामुळे आत पडलेल्याला पोहता येत असले तरी हाताला धरायला काही सापडत नाही. कडेवर शेवाळ असते. ‘पाण्यात उतरू नये’ एवढ्या पाटीने हे कळत नाही. खळग्याचा उभा छेद दाखवणारे साधे चित्र मात्र लहान मुलालाही कळेल. असा फलक दोन्ही काठांवर हवा, कारण नदीच हद्द असल्याने एका काठाची सूचना दुसऱ्या काठावरून आलेल्याला दिसत नाही. फलकाचे खांब कातळात भोके पाडून मुळीच रोवू नयेत. वाटेच्या तोंडाशी मातीत उभारावेत. सिमेंटच्या पायऱ्या, कठडे, रंगाचे बाण यांनाही कातळावर जागा नको.

मळगंगा देवीच्या चैत्रातील यात्रेनंतर आणि पावसाआधी, पाणी सर्वांत कमी असताना, सफाई करणे सोयीचे. आत उतरायचे नाही. लांब दांड्याच्या जाळीने कडेवरून प्लास्टिक, कापड, नारळ, बाटल्या काढायच्या. जाळीत गोटे, वाळू आली तर ती निवडून त्याच खळग्यात परत टाकायची. चुकते ते इथेच. उत्साही मंडळी ‘गाळ’ म्हणून सगळेच उपसतात आणि खळगा स्वच्छ पण रिकामा होतो. कातळावर रंगवलेली नावे काढायला ॲसिड किंवा तारेचा ब्रश वापरू नये, त्याने हजारो वर्षांचा घोटीव पृष्ठभाग खरवडला जातो. ओटी आणि निर्माल्यासाठी देवळापाशीच मोठी टोपली ठेवली, तर निम्मे काम तिथेच होईल.

युनेस्कोने 2021 मध्ये 6 ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय भूविविधता (खडक, माती, भूरूपे यांची विविधता) दिन ठरवला. परिसरातल्या शाळांनी तो साजरा करावा, आणि त्याला खर्च नाही. भाजक्या विटेत छोटी खोबण करायची, ओली वाळू आणि एक गारगोटी घालून बोटाने पाच मिनिटे गोल फिरवायची. लाल गाळ सुटतो, खोबण खोल होते. हे करून पाहिलेले मूल आई-वडिलांना गोटा उचलू देणार नाही.

दोन्ही ग्रामपंचायतींनी येत्या ग्रामसभांत फलकाची जागा आणि सफाईचा दिवस एकत्र ठरवावा, ही विनंती.

– भूशास्त्राचे काही अभ्यासक, पुणे