दिवे घाटात स्कूटर थांबवणाऱ्या काकांना

काका,

सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं बरं, गाडी काय म्हणतेय ते सांग" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. नाव घालू नकोस म्हणालात, घालत नाही.

मे महिन्यातली ती दुपार. जेजुरीला निघालो होतो आणि दिवे घाट चढता चढता बाबांची १९८६ची बुलेट अशी वाजायला लागली, जणू कुणी टाकीखाली बसून डबा बडवतंय. कडेला घेतली, पाच मिनिटं थांबलो आणि शहाण्यासारखी पुन्हा किक मारली. तेवढ्यात तुमची स्कूटर आली. हेल्मेटही न काढता तुम्ही ओरडलात, "अरे बंद कर आधी! सुकी चालवतोयस." नमस्कार-चमत्कार नाही, कुठला कोण नाही. पहिलं वाक्यच ते.

मला तेव्हा एवढंच माहीत होतं की महिनाभरापूर्वी एका गॅरेजवाल्याने "रिंगा गेल्यात, हाफ इंजिन करावं लागेल, चौदा हजार धरून चला" असं सांगितलं होतं, म्हणजे पिस्टनच्या कड्या झिजल्यात, इंजिनाचा वरचा भाग खोलावा लागेल. सायलेन्सरमधून निळा धूर येत होता, त्यामुळे मलाही पटलं होतं. पैशांची सोय होईपर्यंत टायमिंग कव्हरमधून, म्हणजे इंजिनाच्या बाजूच्या झाकणातून, होणारी ऑइलची गळती तेवढी बंद करून घेतली होती. हे सगळं मी घाटात तुम्हाला धापा टाकत सांगितलं, आणि वर हेडलाइटवरच्या काट्याकडे बोट दाखवून म्हणालो, "पण ऑइलचं प्रेशर तर बरोबर दाखवतंय." तुम्ही हसला नाहीत, हे तुमचे मोठे उपकार. तो काटा अँपिअरचा, बॅटरीचं चार्जिंग दाखवणारा. ऑइलचा काटा किंवा दिवा या गाडीला नाहीच, हे बाबांच्या मागे सहा वर्षं गाडी चालवून मला ठाऊक नव्हतं.

मग तुम्ही हेडवर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावर, जाणाऱ्या ऑइलच्या बारीक नळीचा बोल्ट ढिला करायला सांगितलात. माझा मिलिमीटरचा पाना त्याच्यावर घसरायला लागला, तेव्हा तुम्ही तो हातातून काढूनच घेतलात आणि डिकीतून स्वतःचा इंची पाना आणलात. अर्धा मिनिट इंजिन चालू केलं. बोल्टच्या कडेने ऑइल झिरपायला हवं होतं. नुसता ओलसरपणा आला, थेंबसुद्धा धरला नाही. "ऑइल वर चढतच नाहीये. रिंगा राहू देत बाजूला," म्हणालात, आणि छोटा हत्ती बोलावून गाडी हडपसरला घरी पाठवलीत. मी हळूहळू चालवत नेतो म्हणत होतो. कनेक्टिंग रॉडच्या खालचं बुश ऑइलशिवाय किती वेळ टिकतं, हे तुम्ही ज्या शब्दांत सांगितलंत ते इथे लिहिता येणार नाहीत.

रविवारी तुम्ही स्वतःहून आलात. आमच्या पार्किंगमध्ये वर्तमानपत्र अंथरून टायमिंग कव्हर काढलं, तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की या इंजिनात ऑइलची टाकी पोटातच आहे. एक पंप तिथून ऑइल ओढून वर पाठवतो आणि दुसरा खाली साठलेलं परत टाकीत टाकतो. तुम्ही आधी वर्मचा, म्हणजे पंप फिरवणाऱ्या मळसूत्राचा, नट सैल नाही ना ते बघायला लावलंत. मी जोर लावला, तर तुम्ही मनगट धरलंत: "उलटे आटे आहेत, सोडतोयस तू तो." नट घट्टच होता. मग तुम्ही फीड पंपाचं, म्हणजे ऑइल वर पाठवणाऱ्या पंपाचं, झाकण उघडून टॉर्च मारलात आणि काडीने ऑइलच्या भोकातून शेवईएवढा सिलिकॉनचा लांब दोरा ओढून काढलात. गळती बंद करायला कागदी गॅस्केटवर कुणीतरी सढळ हाताने सिलिकॉन थापलं होतं. बाहेरची गळती थांबली, आणि आतली वाटही. तो दोरा तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलात आणि काही बोलला नाहीत. चौदा हजारांचं निदान तिथेच निकालात निघालं.

धुराचं कारण मात्र मी होतो, हेही तुम्हीच दाखवलंत. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की ऑइल पंपाच्या चकतीतून झिरपून क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या कप्प्यात, उतरतं. टाकीतलं ऑइल मोजायची डिपस्टिक कोरडी दिसते. मी दर वेळी वर अर्धा लिटर ओतायचो, आणि सुरू केली की जादाचं ऑइल धूर होऊन बाहेर. पंपाच्या चकतीवर चरे पडले होते. ती तुम्ही काचेच्या तुकड्यावर बारीक पेस्ट लावून तासभर घासलीत, आठाचा आकडा काढत. (इंग्रजी आठ. मी मराठी ८ काढत होतो, म्हणून माझ्या हातातून काढून घेतलीत.) मला नाना पेठेत पिटाळलंत ते फेल्टचा फिल्टर, गॅस्केट आणि क्रँकच्या टोकाचं कॉर्कचं सील आणायला, तेही "जुना नग दाखवल्याशिवाय घेऊ नकोस" अशा ताकिदीसह. बरं झालं सांगितलंत, कारण दुकानदाराने आधी भलतंच सील काढलं होतं.

फिल्टरच्या खोबणीत आधी ऑइल भरून मग झाकण लावलंत. स्पार्क प्लग काढून किका मारायला लावल्यात, वीसनंतर मी मोजणं सोडलं. मग सुरू केली आणि नळीचा बोल्ट ढिला केला. आधी एक चकचकीत फुगा आला, मग तो फुटून मधासारखी धार इंजिनाच्या पातळ पात्यांवरून खाली ओघळली. तुम्ही बोटाने ती पुसलीत आणि म्हणालात, "आता आवाज ऐक." टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) अजून वाजत होते, पण तो बाबांच्या गाडीचा आवाज होता. मी लहानपणी गच्चीतून ओळखायचो तो.

ऑइल आणि सामानाचे पैसे सोडून तुम्ही एक रुपया घेतला नाहीत. आईने आग्रह केला म्हणून जेवलात, आणि भाकरी जाड झाली असं तिच्या तोंडावर सांगितलंत. ती अजून तुमचं नाव काढते.

आता डिपस्टिक मी गाडी फिरवून आणल्यावरच बघतो. महिनाभर उभी राहिली तर आधी क्रँककेसचा खालचा प्लग काढून किती उतरलंय ते पाहतो. परवा जेमतेम पाव वाटी निघालं, म्हणजे चकती धरून आहे.

तुमचा इंची पाना माझ्याकडेच राहिलाय. बाबांच्या पिशवीत त्याच मापाची जागा रिकामी होती, त्यामुळे परत द्यायला हात आखडत होता, पण तुमचाच आहे. येत्या रविवारी सकाळी जेजुरीला जाताना आणून देतो. आई भाकऱ्या पातळ करून देणार आहे.

तुमचा,
दिवे घाटातला सुका बुलेटवाला