शेवया उकडू नका, परता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत 'तुर्की पुलाव' म्हणून जी रेसिपी आलीय त्यात पास्ता वेगळा उकडून, गाळून, शिजलेल्या भातात मिसळा आणि वरून चीज किसा असं दिलंय. अहो, हा पुलाव नाही, काल उरलेल्या दोन पदार्थांची मोट झाली! तुर्कस्तानात अगदी खाणावळीतसुद्धा रोज मिळणारा भात आहे हा, त्यात तांदळाच्या दाण्याएवढा पास्ता नाहीतर तुकडे केलेल्या बारीक शेवया घालतात, पण आधी बटरमध्ये कच्च्याच परततात. सगळी चव तिथेच आहे. आपण खिरीसाठी तुपात परततो त्याच्याही पुढे जायचं, चांगला तांबूस रंग येऊन खमंग वास सुटेपर्यंत, आणि तिथून गॅसपासून हलायचं नाही कारण जळायला अर्धं मिनिट पुरतं. मग धुऊन निथळलेले तांदूळ घालून परतायचे, गरम पाणी, मीठ, झाकण. शिजल्यावर झाकणाखाली स्वच्छ फडका घालून दहा मिनिटं तसंच ठेवायचं म्हणजे वाफेचं पाणी भातात पडत नाही, दाणा मोकळा राहतो. दोन वाट्या तांदळाला अर्धी वाटी शेवया भरपूर होतात. आपल्याकडे कोलम घ्या, इंद्रायणी नको, गोळा होतो.

लेबनॉन, सीरिया, इजिप्त, आर्मेनियन घरं, सगळीकडे हेच. मॅकरोनी वेगळी उकडतात ती इजिप्तच्या कोशरीत, पण त्यात मसूर, छोले, टोमॅटोचा सॉस, तळलेला कांदा असतो, तो प्रकारच निराळा.

आणि झटपट हवं म्हणून शॉर्टकट दिला असेल तर अमेरिकेतलं राइस-अ-रोनी बघा. आर्मेनियन नरसंहारातून वाचून सॅन फ्रान्सिस्कोला आलेल्या पैलादझो कॅप्टानियन या बाईंनी आपल्याकडे भाड्याने राहणाऱ्या तरुण लोइस डेडोमेनिकोला हा भात शिकवला, लोइसच्या सासरचा पास्त्याचा कारखाना, त्यांनी त्यात चिकन सूपची पावडर घालून 1958 मध्ये पाकीट बाजारात आणलं. त्या पाकिटातला भातसुद्धा आधी बटरमध्ये परतावाच लागतो, मग आपल्याला काय घाई आहे?

पुढच्या रविवारी एवढी दुरुस्ती छापा, आणि ते चीज तेवढं काढून टाका.

आपली नियमित वाचक,
पुणे