गाडी नेतोस, तर ही चावीही ने

विलेपार्ले, मुंबई

प्रिय दादू,
अनेक आशीर्वाद.

आरसी, इन्शुरन्स, पीयूसी सगळं निळ्या फाइलमध्ये लावून ठेवलंय. ते हरवलं तरी फोनवर मिळतं, त्याची मला चिंता नाही. मला चिंता आहे ती डिकीत, स्टेपनीच्या खाचेत ठेवलेल्या लाल पिशवीची. तिच्यात अंगठ्याएवढा लोखंडी तुकडा आहे. एका बाजूला सतराचा पाना बसेल असा षटकोन, दुसऱ्या बाजूला आत वेड्यावाकड्या खाचा. आपल्या पोलोच्या प्रत्येक चाकाला पाच बोल्ट आहेत. चार साधे, पाचवा लॉकचा. तो पाचवा या तुकड्याशिवाय कुठल्याच पान्याला दाद देत नाही. हा तुकडा म्हणजेच त्या लॉकची चावी.

वरून तुला पाचही सारखेच दिसतील, कारण सगळ्यांवर काळ्या प्लास्टिकच्या टोप्या आहेत. पिशवीतच तारेचा आकडा आहे, त्याने टोप्या ओढून काढायच्या. नखाने काढायला जाऊ नकोस.

तू आता अंधेरीला राहणार, गाडी रात्री रस्त्यावर उभी राहणार. अलॉय चाकं काढून गाडी विटांवर ठेवून जाणारे लोक मुंबईत आहेत, म्हणून हे लॉक राहू दे. पक्का चोर लॉकही काढतो, त्याची हत्यारं मिळतात. पण त्याला वेळ लागतो, आवाज होतो, आणि शेजारची गाडी बिनलॉकची असेल तर तो तिकडे वळतो. शेजाऱ्याचं वाईट वाटतं, पण तसंच आहे ते. उद्या बिल्डिंगच्या आत पार्किंग मिळालं, तर सरळ चार साधे बोल्ट घालून ही कटकट काढून टाक. घेताना मात्र जुना बोल्ट सोबत ने. आपल्या बोल्टची बैठक, म्हणजे चाकाला टेकणारा भाग, गोल आहे, बाजारात निमुळत्या बैठकीचेही मिळतात. आटे जुळतात, हाताला घट्टही लागतो, पण चाकाच्या खोबणीत नीट टेकत नाही आणि चालता चालता सैल होतो. कुर्ल्याला सीएसटी रोडवर दुकानदार 'चालतंय हो' म्हणेल. चालत नाही.

चावी चोराच्या हाती लागेल म्हणून घरी ठेवावी, असं तुझे बाबा म्हणतात. रात्री ईस्टर्न एक्सप्रेसवर चाक पंक्चर झालं आणि चावी घरच्या कपाटात, मग त्या लॉकचा त्रास चोराला नाही, तुलाच. मदतीला येणाऱ्या गाडीवाल्याकडे जॅक असतो, पाना असतो, तुझ्या बोल्टची चावी नसते. तेव्हा डिकीतच ठेव.

ही चावी चोरीला क्वचितच जाते. ती टायरवाल्याकडे राहते. आपल्या बिल्डिंगमध्ये एकांचं असंच झालं. नवे टायर घातले, बॅलन्सिंग झालं, पोराने चावी पान्यात अडकलेली तशीच ठेवली आणि दुसऱ्या गाडीला लागला. यांनी पैसे दिले, निघाले. बोंब लगेच होत नाही ना! गाडी मस्त चालते. पुढचं पंक्चर होईपर्यंत कळत नाही, आणि तोवर त्या दुकानात कोणाला काही आठवत नाही. शेवटी लहान मापाची गोटी, म्हणजे पान्याचं सॉकेट, हातोडीने बोल्टवर ठोकून बसवली आणि बोल्ट फिरवून काढला. चारही चाकांचं तसंच. अलॉयला ओरखडे पडले ते वेगळेच. म्हणून पैसे देण्याआधी चावी हातात घ्यायची, पिशवीत टाकायची, मग फोन काढून स्कॅन करायचं. हाच क्रम.

आणि लॉकच्या बोल्टला गन, म्हणजे झटके देत बोल्ट फिरवणारं यंत्र, लावू द्यायची नाही. टायरवाल्याला घाई असते, तो चारही साधे बोल्ट गनने फुर्र करून काढतो, तसे काढू दे. लॉकचा बोल्ट हातपान्यानेच. चावी सरळ, शेवटपर्यंत आत बसली पाहिजे. तिरपी बसली आणि गनचा झटका बसला की खाचा झिजतात, नाहीतर चावीलाच तडा जातो. 'मॅडम, कुछ नहीं होता' हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय. तुला सर म्हणतील, एवढाच फरक. बसवतानाही हातानेच, एकाआड एक बोल्ट आवळत. पोलोचे बोल्ट १२० न्यूटन मीटर जोराने आवळायचे असतात, चांगल्या दुकानात तेवढाच जोर लावणारा पाना, टॉर्क रेंच, असतो, तो मागून घ्यायचा. पान्यावर उभं राहून नाचू देऊ नकोस. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासून घे.

चावीच्या कडेला बारीक आकडे कोरलेत. त्यांचा फोटो काढून ठेव, ग्रुपवर टाकू नकोस. चावी हरवलीच तर त्या नंबरवरून डीलर दुसरी मागवून देतो. नंबर नसेल तर वर्कशॉपवाले त्यांच्या संचातली एकेक लावून बघत बसतात आणि तू बाहेर खुर्चीवर.

अटल सेतूवर किंवा फ्रीवेवर पंक्चर झालं तर मात्र यातलं काहीही करू नकोस. गाडी कडेला, चारही इंडिकेटर चालू, तू कठड्याच्या बाजूला, आणि मदतीला फोन.

आपल्या बोल्टच्या चाकाची आणखी एक खोड आहे. मामाच्या मारुतीला हबवर दांडे असतात, चाक त्यावर टांगता येतं. आपल्याला चाक एका हाताने उचलून धरावं लागतं आणि दुसऱ्याने बोल्ट शोधत बसावं लागतं. वरचा बोल्ट आधी हाताने दोन-चार आटे लाव, मग चाक हलत नाही. हे पत्रातून कळणार नाही. रविवारी गाडी न्यायला येशील तेव्हा एक चाक माझ्यासमोर उतरवून परत बसवायचंस. नऊच्या आत ये, नंतर आवारात ऊन येतं. जुना शर्ट घाल.

तुझी,
आई