लातूरची पिवळी गाडी

पेर्पिन्यां, फ्रान्स

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

बाबा, काल आम्ही लातूरला जाऊन आलो. फ्रान्समधल्या! स्पेनच्या हद्दीजवळ लातूर-द-कारोल नावाचं स्टेशन आहे. पाटी वाचली आणि मिरजेहून लातूरला जाणाऱ्या बार्शी लाइटच्या तुमच्या सगळ्या गोष्टी आठवल्या. ही गाडीसुद्धा छोटीच, मीटरगेजची. पिवळीधमक, म्हणून नावच ‘पिवळी गाडी’. विलफ्रांशच्या जुन्या किल्ल्यापासून निघते आणि ६३ किलोमीटर पिरेनीजच्या डोंगरातून जाते. सुरुवातीपासून, म्हणजे १९१० पासून, विजेवर चालते. वर तारा नाहीत. शेजारच्या तिसऱ्या रुळातून वीज घेते. बोल्केर-एन स्टेशन १,५९३ मीटरवर आहे, फ्रेंच रेल्वेचं सगळ्यात उंच.

वाटेत एक झुलता पूल लागतो, खाली ८० मीटर खोल दरी. तो ज्यांनी आखला ते जिस्क्लार १९०९ मध्ये चाचणीच्या वेळी झालेल्या अपघातातच गेले. पूल आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. गाडी त्यावरून सावकाश जात होती तेव्हा मला तुम्ही दिसत होतात, पावसाळ्यात रात्री-अपरात्री ट्रॉली घेऊन रूळ तपासायला निघालेले. तेव्हा आईला का झोप लागायची नाही, ते काल कळलं.

आई, तुझ्यासाठी बोन नावाचं गाव. दिजोंहून पॅसेंजरने जेमतेम अर्धा तास, खिडकीबाहेर नुसते द्राक्षमळे. तिथे १४४३ मध्ये गरिबांसाठी बांधलेलं इस्पितळ आहे. लांबलचक वॉर्ड, दोन्हीकडे लाकडी खाटा, त्यांना लाल पडदे, आणि टोकाला देवघर, म्हणजे रोग्याला पडल्या पडल्या प्रार्थना ऐकता यावी. एकेका खाटेवर दोघं झोपवत! तू असतीस तर आधी चादरी कशा बदलत असतील हेच विचारलं असतंस. खर्च दान मिळालेल्या द्राक्षमळ्यांवर चाले. त्या वाइनचा लिलाव अजून दर नोव्हेंबरात होतो. मी तिथे तासभर बसले. तुझ्या नाइट ड्यूट्या मोजत.

पॅरिसहून वेगवान गाडीने पाच-साडेपाच तासांत इथे येता आलं असतं. आम्ही नऊ दिवस लावले, सगळे पॅसेंजरने. दिजों, लियों, आव्हीन्यों, नीम. अमेय आधी कुरकुरला, पण नार्बोनच्या पुढे रुळांच्या दोन्ही बाजूंना खाऱ्या पाण्याचे तलाव आले आणि त्यात रोहित पक्षी उभे दिसले, तेव्हा तोच खिडकी सोडेना. अगदी भिगवणसारखे! भिगवणला तुम्ही आम्हाला नेलं होतंत तेव्हा मी सातवीत होते, आणि परत येताना शेंगदाणे संपले म्हणून रडले होते.

पुढच्या जूनमध्ये तुम्ही दोघं या. उन्हाळ्यात पिवळ्या गाडीला उघडे डबे जोडतात. आईच्या गुडघ्यांचा विचार केलाय: डब्यात चढायला पायऱ्या आहेत, पण अमेय धरेल, आणि एका दिवशी एकच प्रवास करायचा. जेवणाचं म्हणाल तर ब्रेड, चीज, टोमॅटो सगळीकडे मिळतं. मेतकूट मात्र आणा.

बाबा, निळ्या फायलीत दोघांचे पासपोर्ट आहेत. मुदत बघून आजच फोन करा.

तुमची,
चिमी