पिवळ्या जॅकेटमधल्या त्या दोन मुलांचे आभार

ऑगस्ट २०१७. हार्वी वादळात ह्यूस्टनच्या आमच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं. ते ओसरल्यावर दारात दोन मुलं उभी राहिली. जेमतेम विशीची, मॉर्मन (अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ) मिशनरी. एक पार प्रशांत महासागरातल्या टोंगा बेटांवरून आलेला. दोन वर्षांची सेवा. तेव्हाच्या नियमाने घरी फोन फक्त नाताळला आणि मदर्स डेला! दोघांनी भिजलेला गालिचा उचकटला, भिंतींचे फुगलेले तक्ते रस्त्यापर्यंत वाहिले. धर्माचा शब्दही काढला नाही. देव्हाऱ्यापाशी मात्र टोंगाचा मुलगा थबकला. हातमोजे काढून विचारलं, “हात लावू का?” मग चिखलातला बाळकृष्ण धुऊन सासूबाईंच्या ओंजळीत ठेवला. त्या तेव्हा पहिल्यांदा रडल्या. बिल्ल्यावर चिखल होता, नाव वाचताच आलं नाही. पोरांनो, मनापासून आभार.