मोदेनांच्या घराची दैना पत्त्यांनी केली?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

व्हेनिसचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) लिओने मोदेना (१५७१-१६४८) यांच्या घराची दैना पत्त्यांच्या जुगाराने केली, असे सांगणारा कालच्या पुरवणीतील लेख वाचून संताप आला. ते जुगार खेळत, हे त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यात उघडकीला आणण्यासारखे काही नाही. पण थोरला मुलगा मोर्देखाय ‘प्लेगने गेला’ हे लेखकाने कुठून आणले? व्हेनिसमधली ती साथ १६३०-३१ची. मोर्देखाय १६१७च्या नोव्हेंबरातच वारला, तेव्हा तो २६ वर्षांचा होता.

त्याचा बळी घेतला किमयेच्या, म्हणजे हलक्या धातूंची सोने-चांदी करू पाहण्याच्या विद्येच्या, भट्टीने. एका ख्रिस्ती पाद्र्याकडून तो ही विद्या शिकला आणि १६१५ मध्ये घेट्टोत (ज्यूंच्या सक्तीच्या वस्तीत) जागा घेऊन भट्टी मांडली. नऊ औंस शिसे आणि एक औंस चांदी घालून त्याने दहा औंस शुद्ध चांदी काढली, असे वडील लिहितात. हाडांच्या राखेच्या मुशीत असा गोळा तापवला, तर शिसे जळून मुशीत मुरते आणि मूळची चांदी तेवढी उरते, म्हणजे एकच औंस. पण मोदेनांनी तो माल स्वतः पारखला, औंसाला साडेसहा लीरा भावाने विकला आणि त्यांचा विश्वास बसला. त्याच वर्षी मुलाच्या तोंडातून रक्त वाहू लागले. सोमल (आर्सेनिक) आणि क्षारांचा धूर बाधला, असे निदान झाले. मग त्याने भट्टी सोडली, पण दोन वर्षांत तो गेला.

दुसरा मुलगा झेबुलून याचा १६२२ मध्ये खून झाला. त्याला तर लेखात ओळसुद्धा नाही! या बापाने पोटासाठी सव्वीस उद्योग केले: शिकवण्या, प्रवचने, मुद्रितशोधन, थडग्यांवरचे लेख, लग्न जुळवणे, ताईत लिहून देणे. मुलगी दियाना हिचा मुलगा इसहाक यालाही त्यांनीच वाढवले. हे सगळे गाळून पत्तेच का चघळायचे?

आणखी एक. एस्तेर ही त्यांची ‘पहिली पत्नी’ नव्हे. १५९० मध्ये लग्नाच्या तोंडावर ती वारली आणि तिची बहीण राहेल हिच्याशी त्यांचे लग्न झाले. हे दोन्ही खुलासे येत्या रविवारी त्याच पानावर छापावेत, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, ठाणे